गुंतवणूकदारांना गोपनीय कागदपत्रे पाठवताना या चुका टाळा

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या गुंतवणूकदाराचा पहिला फोन येताच सगळे कागद एका झिप फाइलमध्ये बांधून व्हॉट्सॲपवर धाडणे, ही बेळगाव परिसरातील नवउद्योजकाची सर्वांत महागात पडणारी घाई आहे. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखाने एकाच ग्राहकाच्या मागे असतात, त्यामुळे फुटलेले दरपत्रक शेजारच्या शेडपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पहिल्या भेटीला छोटे सादरीकरण पुरते. ग्राहकनिहाय दर आणि करारांच्या प्रती बोलणी टर्म शीटपर्यंत, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या लेखी मसुद्यापर्यंत, आल्यावर द्याव्यात, आणि ड्रॉइंग किंवा मिश्रधातूचे प्रमाण त्याहूनही उशिरा. समोरच्याने तुमच्या प्रतिस्पर्ध्यात पैसे गुंतवले आहेत का, हे मात्र आधीच पाहावे.

बहुतेक व्हेंचर फंड (नवउद्योगांत पैसे गुंतवणाऱ्या संस्था) पहिल्या भेटीत गोपनीयता करारावर सही करत नाहीत आणि त्यात वावगे काही नाही. मात्र पेटंट घेण्याजोगी कल्पना अशा भेटीत उघड केल्यास तिचे नावीन्यच धोक्यात येऊ शकते. म्हणून आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज दाखल करावा. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात.

गूगल ड्राइव्हची लिंक उघडत नाही, अशी तक्रार आली की अनेकजण वैतागून ती सर्वांसाठी खुली करतात. खरे कारण बहुधा साधे असते: तुम्ही परवानगी एका ई-मेल पत्त्याला दिलेली असते आणि तो गृहस्थ दुसऱ्याच खात्यातून लॉगिन झालेला असतो. त्याचा नेमका पत्ता विचारून तेवढ्यालाच परवानगी द्यावी आणि डाउनलोड बंद ठेवावे. स्क्रीनशॉट तरीही काढता येतो, म्हणून प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याच्या नावाचा वॉटरमार्क असावा.

एक्सेलमधील लपवलेल्या शीट दोन क्लिकमध्ये उघडतात, आणि पीडीएफमधील मजकुरावर काळा चौकोन टाकला तरी खालची अक्षरे कॉपी होऊ शकतात. त्यामुळे नको असलेला भाग मूळ फाइलमधूनच काढावा.

आपल्या भागात आणखी एक वाट गळकी आहे. जमिनीचा उतारा, परवाने कन्नडमध्ये असतात आणि मराठी किंवा इंग्रजी भाषांतरासाठी ते झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जातात, जिथल्या संगणकावर फाइल तशीच पडून राहते. काम झाल्यावर ती समोर उभे राहून पुसून घ्यावी, दुकानाच्या मेलमधूनसुद्धा.

बोलणी फिसकटल्यास त्याच दिवशी परवानगी काढून घ्यावी. उतरवून घेतलेल्या प्रती त्याने मिटत नाहीत, म्हणून त्या नष्ट केल्याची लेखी कबुली देण्याचे कलम गोपनीयता करारात आधीच घालून ठेवावे.