थंडी सरताना बागेत काय बघायचं आणि कशाला हात नाही लावायचा

थंडी ओसरायला लागली की आधी बाग साफ करायची घाई होते सगळ्यांना, तर ती जरा आवरा. वाळलेल्या पानांचा ढीग, पोकळ दांडे, तुटकी कुंडी यात लेडीबग, कोळी, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या अजून झोपलेल्या असतात. एखादं पान हळूच उलटा, खाली लेडीबग एकमेकांना चिकटून बसलेले दिसले तर पान तसंच परत ठेवायचं. दिवसाचं तापमान सलग काही दिवस 10 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं की मग कापाकापी, आणि तरी दांडे फेकू नका, कोपऱ्यात उभे करून ठेवा.

आता खुणा. आधी कान लावा, पहाटे पक्ष्यांचं गाणं वाढलेलं असतं, कारण त्यांना उबेपेक्षा दिवस मोठा होतोय हे आधी कळतं, म्हणून कडाक्याच्या थंडीतही काही जण सुरू होतात (आपण अजून गोधडीत!). मग चोचीत काडी धरून एकाच झुडपाकडे फेऱ्या मारणारा पक्षी दिसला की तिथे कात्री लावायची नाही, बास. पक्ष्यांसाठी पेटी लावली असेल तर जुनं घरटं त्याआधीच काढा आणि पेटी नुसत्या उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा.

कळ्या फुगून खवल्यांच्या कडेला हिरवी रेघ दिसते तीही बघा. उन्हात मधमाशी आली तर मागच्या पायांवर परागाचा गोळा आहे का बघा, असला तर जवळपास काहीतरी फुललंय.

पाणी उथळ ताटलीतच ठेवा, मधे दगड टाकून, आणि गोठलं तर कोमट पाणी ओता, मीठ अजिबात नको.