स्केचबुकातून कल्पना कशी वाढवावी

वही साधी घ्या. ए५ आकार पुरतो, कागद १२० ते १५० जीएसएमचा असावा (हा आकडा जितका मोठा, तितका कागद जाड). महागडी वही नकोच, तिच्या पहिल्या पानावर हात चालत नाही. सोबत ४बी पेन्सिल आणि बॉलपेन. बॉलपेन मुद्दाम, कारण ते खोडता येत नाही.

मग दिसेल ते काढा. भुसावळच्या फलाटावर पेंगणारी माणसं, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, घरातली भरिताची वांगी. तारीख टाका, पान उलटा.

‘रोज काढत राहा, आपोआप सुचेल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. याच टप्प्यावर मी फार काळ अडकले होते. वह्या भरायच्या आणि प्रत्येक पान सुटंच राहायचं. कल्पना वाढते ती जुन्या पानाकडे परत गेल्यावर.

समजा, रावेरकडच्या बागेत तुम्ही केळीची पानं काढलीत. या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर जातात, म्हणून वाऱ्याने ते त्याच रेषांवर चिरतं. वही चाळताना चांगलं चित्र शोधू नका. नजर दुसऱ्यांदा जिथे थांबते ती जागा शोधा. ती त्या चिरांवर थांबली, तर कोऱ्या पानावर काडेपेटीएवढ्या सहा चौकटी आखा आणि प्रत्येकीत मूळ चित्रातली एकच गोष्ट बदला. एकीत फक्त चिरांमधली मोकळी जागा काळी करा. दुसरीत दांडा काढून टाका. तिसरीत पेनाऐवजी तुरकाठी शाईत बुडवून वापरा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळत नाही, आणि मग त्या चौकटीचा पुढे उपयोग होत नाही.

पहिल्या दोन-तीन चौकटी ओळखीच्याच निघतात. तिथे कंटाळून उठू नका. पुढे कुठेतरी केळीचं पान मागे पडतं आणि लुगड्याचा काठ दिसू लागतो. तो पुढच्या पानावर मोठा करा, शेजारी काय बदललं ते दोन ओळींत लिहा. अहिराणीत सुचलं तर अहिराणीतच.

हे चालू असताना वही कुणालाही दाखवू नका. मोबाइलवर फोटो टाकायचं मनात आलं की हात लगेच नीटनेटकं काढू लागतो आणि सहाही चौकटी सारख्याच होतात. पान फाडू तर मुळीच नका. परत जायचं ते नेमकं कुठल्या पानाकडे, हे त्या दिवशी कळत नसतं.

रंग सगळ्यात शेवटी. जलरंग वापरायचे असतील तर ३०० जीएसएमचा सुटा कागद घ्या.