२५ मीटरवर स्कोप झिरो करताना

झिरो करणं म्हणजे रायफलच्या स्कोपमधून (नेमाच्या दुर्बिणीतून) धरलेला नेम आणि गोळी लागते ती जागा ठरलेल्या अंतरावर जुळवणं. नवा स्कोप बसवून थेट १०० मीटरवर गोळ्या झाडू नका. गोळी कागदावरच लागली नाही, तर दुरुस्ती कुठल्या बाजूला करायची हेच कळत नाही.

आधी स्क्रू तपासा. स्कोप रायफलला धरून ठेवणारा बेस किंवा रिंग ढिली असली की ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) भटकतो आणि खापर फुटतं टरेटवर, म्हणजे क्लिक-क्लिक करत नेम सरकवणाऱ्या फिरकीवर. रिंगचे स्क्रू आलटून-पालटून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा. जास्त आवळले तर स्कोपची ट्यूब दबते. रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) तिरकं राहिलं, तर उंचीसाठी फिरवलेल्या क्लिक नेम बाजूलाही सरकवतात.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा आणि ती सँडबॅगवर पक्की ठेवा. मागून नळीतून पाहत टार्गेट बरोबर मध्यात आणा. मग रायफल जराही न हलवता टरेट फिरवून रेटिकल त्याच ठिकाणी आणा. बोल्ट निघत नसेल तर लेझर बोअरसाइटर (नळीच्या दिशेने लेझरचा ठिपका पाडणारं साधन) वापरा, पण नळीत बसणारा असेल तर गोळी भरण्यापूर्वी तो काढलाच पाहिजे.

आता रेंजवर, डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लावून, एकाच बिंदूवर तीन गोळ्या. एका गोळीवरून टरेटला हात लावू नका. मोजमाप ग्रुपच्या मध्यापासून.

बहुतेकांची गफलत पुढे होते. पाव एमओएची (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिमी सरकवते, २५ मीटरवर जेमतेम १.८ मिमी. म्हणजे ग्रुप ३६ मिमी डावीकडे असेल तर उजवीकडे २० क्लिक. स्कोप ०.१ मिलचा (मिल हेही कोनाचंच माप) असेल तर क्लिकला २.५ मिमी, म्हणजे १४ क्लिक.

आडवा नेम अगदी मध्यात आणा. उभा मात्र नको. स्कोप नळीच्या सुमारे ४ सेंमी वर असतो, त्यामुळे गोळी खालून चढत नजरेच्या रेषेला भेटते. .३०८ सारख्या काडतुसाला १०० मीटरचा झिरो हवा असेल, तर २५ मीटरवर ग्रुप सव्वा सेंमीच्या आसपास खाली ठेवा. इथेच मध्यात आणलात तर १०० मीटरवर गोळी ५ सेंमीच्या आसपास वर लागेल.

पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) जुळवायची सोय नसलेले बरेच स्कोप ९० मीटरच्या आसपास जुळवलेले असतात. जवळून चित्र धूसर दिसलं तर मॅग्निफिकेशन कमी करा आणि डोळा दर वेळी स्कोपच्या मध्यावरच ठेवा.

शेवटची जुळवणी १०० मीटरवर, नेहमी वापरायच्या त्याच काडतुसांनी. काडतूस बदललं की झिरो पुन्हा तपासा.