पंचेचाळीस हजारांची गाडी आणि सहा दिवसांचं कोकण

आमची पांढरी मारुती आठशे १९९८ ची आहे. चौघांनी मिळून पंचेचाळीस हजारांना घेतली, वर अठरा हजार खर्च केले आणि जानेवारीत पुण्याहून ताम्हिणी उतरून, किनारा धरून तेरेखोलपर्यंत नेली, आंबोली चढून परत आणली. सोबत मेव्हण्याची ओम्नी आणि वकिलाची सँट्रो. वकील म्हणजे आमचा कॉलेजपासूनचा मित्र, त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. सहा दिवस, आठ माणसं, आणि तीन गाड्यांच्या वयाची बेरीज माझ्या वडिलांच्या वयाएवढी. परत आल्यापासून कुणी ना कुणी विचारतंच, "आम्हालाही अशी जुन्या गाड्यांची रॅली करायचीय, काय काय बघायचं?" तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाडी कुठली घ्यायची? जिचा फॅनबेल्ट तळेऱ्यासारख्या कोकणातल्या छोट्या गावाच्या नाक्यावर मिळेल ती. आठशे डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचं बॉनेट न उघडलेला फिटर सापडणं अवघड. ओम्नीत तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. म्हणजे दोन गाड्यांना इंजिनाच्या बहुतेक सुट्या भागांची एकच पिशवी पुरते. सँट्रो आमच्यात उपरी होती आणि तिने ते शेवटपर्यंत जाणवून दिलं. तुम्ही तीन गाड्या नेणार असाल तर तिन्ही एकाच घरातल्या घ्या. कुणाला इस्टीम आवडते, कुणाला पद्मिनी, ते लग्नाच्या वरातीपुरतं ठेवा.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागतं का, ते बघायचं असतं. ऑइलचं झाकण काढून आतून बघा. दुधाळ, चहावरच्या सायीसारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, तिथूनच नमस्कार करून निघा. मग पायाखालचं मॅटिंग उचला आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. टणटण आवाज आला पाहिजे. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत भसकन आवाज आला आणि खालचा डांबरी रस्ता दिसला. मालक म्हणाले, "तेवढं वेल्डिंग करून घ्या." रंग, सीट, टेप यांकडे बघूच नका.

कागदपत्रांचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग. पांढरीचं २०१३, २०१८ आणि २०२३ ला झालेलं होतं, म्हणजे २०२८ पर्यंत काळजी नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर लागतो, तो भरलाय का बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन आणि चासी नंबर स्वतः वाचून ताडून बघा, जुनी ई-चलनं तपासा. पीयूसी एवढ्या जुन्या गाडीला सहाच महिन्यांचं मिळतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गाडी उचलून नेण्याची सोय त्यात बहुधा नसते. तो खर्च तुमचा, हे धरून चाला.

आता खर्चाचं. अठरा हजारांपैकी एक रुपयाही दिसण्यावर गेला नाही. निम्म्याहून जास्त टायरना आणि पाण्याच्या बाजूला गेले. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पांढरीच्या टायरवर २३११ होतं, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी मात्र नव्यासारखी. जुनी गाडी उभी राहून राहून टायर न झिजताच म्हातारे होतात, रबराला बारीक चिरा पडतात. चारही बदलले. बारा इंची टायर स्वस्त पडतात, तिथे काटकसर नको.

पाण्याची बाजू म्हणजे रेडिएटर धुऊन घेणं, वरचा-खालचा होजपाइप नवा, क्लिपा नव्या, कूलंट ताजं, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघणं. "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी थंड राहील" असं सांगणारा फिटर भेटेल. ऐकू नका. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे बदला. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. तडकलेला पाइप गरम इंजिनावर ठिबकला तर काय होईल, ते लिहायला नको. प्रत्येक गाडीत अग्निशामक ठेवा, डिकीत नाही, सीटखाली.

ब्रेक ऑइल आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की घाटात ब्रेक तापल्यावर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने ऑइल काढून काचेच्या ग्लासात दाखवलं. कोऱ्या चहासारखा रंग! ताम्हिणी उतरायला सुरुवात करतानाच ते आठवून माझ्या पोटात गोळा आला. उतारावर दुसरा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्या. वळणाआधी ब्रेक दाबून सोडा, सतत पाय ठेवून बसू नका. मागून एसयूव्हीवाला हॉर्न देत असेल तर जागा बघून त्याला पुढे जाऊ द्या.

सोबतच्या पिशवीत आम्ही फॅनबेल्ट, क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, तीन प्लग, पेट्रोल फिल्टर, फ्यूज, बल्ब, होजच्या क्लिपा, काळी टेप, दोन मीटर वायर, एम-सील आणि अंघोळीच्या साबणाची वडी ठेवली होती. साबणाला सगळे हसले. पेट्रोलच्या टाकीला दगड लागून बारीक चीर गेली तर ओला साबण त्यात दाबून भरायचा, पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, पुढच्या गावापर्यंत नेतो. आठशेचा फॅनबेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. त्यामुळे तो तुटला तर "बॅटरीवर जाऊ पुढच्या गावापर्यंत" हा विचार करू नका, दहा मिनिटांत इंजिन शिजेल. क्लच केबल तुटली तर मात्र जाता येतं. गाडी बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि तशीच सेल्फ मारायची. ती दचके देत सुरू होते आणि चालू लागते. निघायच्या आधी मोकळ्या मैदानात हे एकदा करून बघा, प्रत्येक ड्रायव्हरने.

रॅली म्हणजे शर्यत नव्हे, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, आणि पांढरी तशीही साठच्या वर गेली की आरसे थरथरतात. आम्ही वेळेचा खेळ खेळलो. सकाळी ओम्नीतल्या वहिनी, म्हणजे वकिलाची बायको, एका चिठ्ठीवर त्या दिवशीचा ठरावीक सरासरी वेग लिहायच्या, बहुतेक ताशी २४ ते २८ किलोमीटर. त्या हिशेबाने एका टप्प्याला किती वाजता पोचायचं ते आपण काढायचं. उशिरा पोचलात तर मिनिटाला एक गुण दंड, लवकर पोचलात तर दोन. लवकर येण्याला दुप्पट दंड ठेवला की कुणी घाई करत नाही. मोठ्या टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतराच्या हिशेबाने चालणाऱ्या रॅलींचा पायाही हाच. एक खुबी सांगतो. जुन्या गाडीचा किलोमीटर काटा कधीच खरा नसतो, म्हणून निघाल्यावर रस्त्याच्या कडेच्या दहा दगडांवर तो ताडून घ्या. पांढरी दहाचे साडेदहा दाखवायची.

किनाऱ्याने दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वर आखू नका. नकाशा चार तास म्हणाला तर सात धरा. पहिला मुक्काम हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, पुढे दाभोळहून धोपाव्याला दुसरी, मुक्काम गुहागर. तिसऱ्या दिवशी तवसाळहून जयगड, मग आरे-वारेचा तो रस्ता, जिथे ड्रायव्हरने समुद्राकडे बघायचं नाही असा आमच्यात कायदा होता. मग जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा. ख्रिसमस ते एक तारीख टाळा, जेटीच्या रांगेतच दिवस जातो.

जेटीवर चढताना ओहोटी असेल तर उतार जास्त असतो आणि खालच्या भागावर शेवाळ धरलेलं असतं. बाकीच्यांना उतरवा, पहिल्या गिअरमध्ये न थांबता सरळ जा. वर गेल्यावर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, आणि चाकाला लाकडी ठोकळा. पांढरीचा हँडब्रेक नुसता शोभेचा होता. पहिल्या जेटीवर ती सहा इंच मागे सरकली आणि मागच्या माणसाने मच्छीच्या टोपल्या अशा काही उचलल्या की मला अजून शरम वाटते.

तीन गाड्या एकत्र ठेवायला फोनवर भिस्त ठेवू नका, खाडीच्या बाजूला रेंज जाते. सगळ्यात कमजोर गाडी पुढे आणि प्रत्येक फाट्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, बस. दुसऱ्या दिवशी दापोलीच्या पुढे सँट्रो हा नियम विसरली आणि पाऊण तास आम्ही तिला शोधत होतो. ती चहा पीत होती.

चौथ्या दिवशी दुपारी आचऱ्याच्या बाजारात पांढरीचा तापमानाचा काटा लालकडे सरकला. बाजार अरुंद, पुढे एसटी, मागे टेम्पो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे बाजूला घेऊन इंजिन बंद करणं, दुसरं काम म्हणजे रेडिएटरच्या झाकणाला हात न लावणं. मेव्हणा फडकं घेऊन निघालाच होता, त्याला ओरडून थांबवला. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, उघडलं की तोंडावर येतं. अर्धा तास थांबलो. पाणी पुरेसं होतं, पाइप कोरडे होते, मग तापली का? गाडी सुरू करून ऐकलं तर पुढचा पंखा फिरतच नव्हता. हायवेवर वारा लागतो म्हणून चार दिवस कळलं नव्हतं. पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून सरळ वायर दिली, गरगर फिरली. म्हणजे मोटर ठीक, तापमानाचा स्विच मेलेला. स्विचच्या दोन वायरी काढल्या, टोकं सोलून एकमेकींना पीळ मारला, वर काळी टेप. पंखा सतत चालू. शेजारच्या सायकल दुकानातले आजोबा इतका वेळ स्टुलावर बसून बघत होते. ते म्हणाले, "आता काय्येक होवचा नाय, जावा." फक्त एक लक्षात ठेवा, चावी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतोय का ते बघा, नाहीतर रात्रीत बॅटरी बसते. नवा स्विच दुसऱ्या दिवशी कुडाळहून मागवला.

पैशांचं निघायच्या आधी ठरवा, बसून, सगळ्यांसमोर. पेट्रोल, जेटी, जेवण, मुक्काम यांची एक सामाईक थैली, हिशेब एकाकडेच. दुरुस्तीही थैलीतून, गाडी कुणाचीही असो. यावर आमच्यात एक रात्र कडाक्याचं भांडण झालं, कारण सँट्रोचा टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा एक सांधा, बदलावा लागला आणि मेव्हणा म्हणाला, "त्याची गाडी, त्याने भरावेत." पण उद्या ओम्नी अडकली असती तर? एक मर्यादाही ठेवा. आमची सहा हजारांची होती. त्याच्या वर खर्च दिसला तर गाडी तिथेच कुणाच्या तरी अंगणात सोडून बाकीच्या दोन गाड्यांत बसायचं, नंतर टेम्पो पाठवायचा. हे आधी ठरलेलं असलं की रस्त्याच्या कडेला उन्हात कुणी हट्ट धरत नाही.

तेरेखोलच्या फेरीबोटीने पलीकडे केरीला जाऊन आलो, गोव्यात तेवढंच फिरणं. परतीला आंबोली होती. चढाला पहाटे साडेपाचला लागलो, थंड हवेसाठी. पांढरीतले दोघे आणि सगळ्या बॅगा सँट्रोत टाकल्या. दुसरा गिअर, पाय अर्धाच दाबलेला, काट्यावर एक डोळा. काटा निम्म्याच्या वर सरकला की रुंद जागा बघून थांबायचं, बॉनेट उघडून दहा मिनिटं. आम्ही दोनदा थांबलो. वर पोचलो तेव्हा धुक्यात चहाची एकच टपरी उघडी होती आणि ओम्नी आमच्या आधी तिथे उभी होती, लवकर आल्याबद्दल चोवीस गुण दंड घेऊन.

घरी आल्यावर दोन दिवसांत गाडी खालून धुऊन घ्या, चाकांच्या कमानी, पाटे, सायलेन्सर, सगळं. जेटीवरचं खारं पाणी आठवड्याभरात पत्र्याला लागतं. आम्ही धुतली तेव्हा डाव्या चाकामागून वाळू निघाली आणि एक शिंपला. तो आता डॅशबोर्डवर, गणपतीच्या शेजारी, एम-सीलने चिकटवलाय.