बेळगावात नवीन राहायला आलाय? पहिले दोन-चार शनिवार गावाकडं पळू नका

मी खानापूर तालुक्यातली. टिळकवाडीत खोली घेतली तेव्हा वाटलं ह्यात नवीन काय, लहानपणापासून लग्नाचा बस्ता बांधायला येतोयच की बेळगावला. तिथंच चुकलं. शनिवारी ऑफिस सुटलं की पिशवी उचलायची, स्टँड गाठायचं, सोमवारी सकाळी परत. असे सहा महिने गेले आणि एक दिवस ऑफिसातल्या बाईंनी विचारलं कमल बस्ती बघितलीस काय, तर मी म्हटलं कुठल्या गल्लीत येते ती? बस्ती म्हणजे इथं जैन देऊळ, आणि ती किल्ल्यात आहे. अजून चिडवतात मला त्यावरनं.

म्हणून निपाणी, खानापूर, चंदगड कुठनंही आला असाल तर पहिले दोन-चार शनिवार-रविवार इथंच काढा. गाव कुठं पळून जात नाही, आई रागावेल तेवढं सोसा.

आधी पत्त्याचं बघू, कारण त्याच्यातच नवीन माणूस मार खातो. टिळकवाडीत कुणी रस्त्याचं नाव सांगत नाही, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं सांगतात, म्हणजे रेल्वेचं फाटक. मी खोली बघायला गेले तेव्हा दुसऱ्या गेटला पाऊण तास उभी आणि मालक पहिल्या गेटला, दोघंही फोनवर "मी गेटजवळच हाय की" म्हणतोय. शिवाय नावं जुनी-नवी दोन्ही चालतात, बोगारवेस म्हणजेच धर्मवीर संभाजी चौक, रिक्षावाल्याला काहीही सांगा, कळतं. खोली घेताना भाड्याआधी विचारायचं ते नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि बोअर आहे काय. हे भागाभागात वेगळं आहे. आणि खोलीत ऊन येतं काय ते बघा, जून ते सप्टेंबर इथं कपडे वाळत नाहीत, मी आठवडाभर ओलसर वासाचा ड्रेस घालून ऑफिसला गेलेली बाई आहे.

शनिवार राखायचं मोठं कारण म्हणजे बाजार. शनिवारी आठवडी बाजार असतो, गणपत गल्ली, खडेबाजार ह्या भागात सकाळीच चालत जा, गाडी नको, पार्किंग शोधण्यातच जीव जातो. एप्रिल-मेमध्ये आमच्या खानापूरकडच्या बायका जांभळं, करवंदं, फणस घेऊन बसलेल्या दिसतात, आणि हंगामात रताळी. तिथं भाव करताना ऐकत उभं राहा नुसतं. बाई मराठीत भाव सांगते, गिऱ्हाईक कन्नडमध्ये कमी करायला लावतं, शेवटी दोघं हिंदीत भांडतात आणि मराठीत हसतात. पु. ल. देशपांडे इथल्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, त्यांच्या कानाला हे सगळं ऐकून काय मजा वाटली असेल असं मला नेहमी वाटतं.

कन्नड येत नसेल तर घाबरू नका पण शिकायचंच नाही असंही करू नका. "एष्ट री?" म्हणजे किती हो, "स्वल्प कडिमी माड्री" म्हणजे जरा कमी करा, "साकु" म्हणजे पुरे, "बेडा" म्हणजे नको, आणि बसच्या दारात "टिळकवाडी होगतदेन री?" म्हणजे टिळकवाडीला जाते काय हो, एवढं आलं तरी आठवडा निघतो. त्यातला तो "री" विसरायचा नाही, आपल्या "हो"सारखा आहे, तो लावला की समोरचा माणूस लगेच मऊ होतो. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, त्यामुळं सुरवातीला कंडक्टरला विचारूनच चढा. आणि बायकांनो, कर्नाटकातलं आधार कार्ड पर्समध्ये ठेवा, 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत तिकीट फुकट आहे, महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या मैत्रिणींना मात्र पैसे द्यावे लागतात, त्यावरनं आमच्या खोलीत रोज भांडण.

खाण्यात पहिला कुंदा. पाव किलोच घ्या, पण आधी थोडासा हातावर मागून बघा, द्यायला कोण नाही म्हणत नाही. चांगला कुंदा तपकिरी असतो, दाणेदार, दूध आटवून आटवून आलेला तो खरपूस वास येतो, आणि नुसता गोड लागला तर समजायचं साखरेनंच भरलाय. गावाकडं नेणार असाल तर जायच्या दिवशीच घ्या, शिळा नेऊन वर बेळगावच्या कुंद्याला नाव ठेवू नका. मांडे लग्नात मिळाले तर सोडू नका, पालथ्या कढईवर भाजलेली कागदासारखी पोळी असते, आत पिठीसाखर, घडी उलगडायला गेलं की सगळी साखर मांडीवर.

रविवारी किल्ला. स्टँडपासून जवळच आहे, खंदक ओलांडून आत गेलं की कमल बस्ती, 1204 सालचं जैन देऊळ, रट्ट राजांच्या काळातलं. आत गेल्यावर मान वर करून छताकडं बघा, दगडातलं कमळ खाली लोंबतंय, नाव त्याच्यावरनंच पडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा इतका वेळ वर बघत होते की मान धरली. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रमपण आहे. विवेकानंद 1892 मध्ये बेळगावात येऊन राहिले होते, रिसालदार गल्लीत ज्या घरात उतरले ते आता स्मारक आहे. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा आहे, गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच अधिवेशन. काँग्रेस रोडवरनं रोज ऑफिसला जाऊन मला हे वर्षभरानं कळलं.

संध्याकाळ रिकामी असेल तर सार्वजनिक वाचनालयाचं मेंबर व्हा. व्याख्यानं असली की जा, आणि थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं असतात, गावातली, मांडवातली, माझ्यासारख्या कधी पुस्तक न उघडणाऱ्या बाईलापण तिथं बसावंसं वाटलं.

सणाचं एवढंच सांगते, इथं शिवजयंती वैशाखात तिथीनं होते आणि चित्ररथाची मिरवणूक रात्रभर चालते. मारुती गल्ली, रामदेव गल्लीच्या बाजूला लवकर जागा धरा, गाडी लांब लावा, पोटात काहीतरी घालून जा. 1 नोव्हेंबरला मात्र एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी स्कूटी घेऊन चन्नम्मा सर्कलकडं कामाशिवाय फिरकू नका. आणि सीमाप्रश्नावर नव्या ओळखीत वाद घालू नका, जुन्या ओळखीत घातला तरी चहा सुटत नाही.

ओळखी झाल्या की यात्रेचं आमंत्रण येतंच. आषाढात वडगावच्या मंगाई देवीची असते, आजूबाजूच्या गावांत लक्ष्मीची असते, आणि "ये की जेवायला" म्हटलं की ते खरंच म्हटलेलं असतं, लाजायचं नाही. जाताना नारळ आणि पेढ्याचा पुडा न्या. ताटात मटण वाढताना हात आडवा केला तरी वाढतात, त्यामुळं पहिल्या वाढीलाच कमी घ्या, आणि गावातनं शेवटची बस किती वाजता सुटते ते जेवायला बसायच्या आधी विचारून ठेवा, मी जेवल्यावर विचारलं आणि त्यांच्याच माडीवर झोपले.