पोट फुगतंय म्हणून लगेच दूध-चपाती बंद करू नका

मला कितीतरी वर्षं सगळे ॲसिडिटीच म्हणत होते, आणि मी पण सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन मोकळा व्हायचो. तासाभराने पोट गुडगुडायला लागायचं, दुपारपर्यंत पँटचं बटण लागायचं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी वही घालायला सांगितली म्हणून कळलं, त्यामुळं सुरुवात वहीपासूनच करा.

दोन आठवडे काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वेळाने, शौचाला कसं झालं, सगळं लिहा. माझ्या वहीत एक दिवस असा होता: सकाळी ७ ला मोठा ग्लास दूध, ९ ला जुलाब. आणि रात्री अख्खा मसूर खाल्ला की दुसऱ्या दिवशी नुसता गॅस, पण ते कडधान्यानं जवळजवळ सगळ्यांनाच होतं, त्याला आजार समजू नका. सांगलीत सीझनला द्राक्षं घडच्या घड संपतात, त्यात फ्रुक्टोज (फळातली साखर, ती काहींना नीट पचत नाही) असतं पण ग्लुकोज पण जवळपास तेवढंच असल्यामुळं ते जरा बरं पचतं, आंबा, सफरचंद, मध यांनी जास्त त्रास होतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा शुगर-फ्री गोळ्या चघळत असाल तर तेही लिहा, जुलाब त्यानं पण होतात.

वजन उतरतंय, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, रक्त कमी झालंय, असलं काही असेल तर वही राहू दे, आधी डॉक्टर गाठा.

आता सगळ्यात मोठी चूक. गव्हाचा संशय आला की लोक आधी चपाती सोडून भाकरीवर येतात आणि मग टेस्ट करतात. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार. त्याची टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडीची रक्ततपासणी गहू रोज खात असतानाच करायची असते (एकूण आयजीए पण बघायला सांगा, तेच कमी असेल तर टेस्ट फसते), नाहीतर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. सोडलाच असेल तर डॉक्टरांना विचारून परत सुरू करा, साधारण ६ आठवडे. बरं, गव्हाचा त्रास म्हणजे ग्लुटेनच असं पण नाही, गव्हात आणि कांदा-लसणात फ्रुक्टन नावाचं न पचणारं कर्बोदक असतं, त्यानंही पोट फुगतं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचते का हे बघायला हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासाची तपासणी. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू हायड्रोजन करतात, तो रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून श्वासात. लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि दर १५ ते ३० मिनिटांनी पिशवीत फुंकायचं, तीन तास, कंटाळा येतो, मोबाईल चार्ज करून जा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएम (दहा लाखात २० भाग) वाढलं की पॉझिटिव्ह. काहींच्यात हायड्रोजनऐवजी मिथेन होतो, तर मिथेन पण मोजता का हे लॅबला आधी फोन करून विचारा. अँटिबायोटिक घेऊन ४ आठवडे झालेले पाहिजेत, आदल्या दिवशी डाळ-कांदा-गहू-दूध-फळं बंद, साधा पांढरा भात चालतो, रात्रीनंतर उपाशी, सकाळी विडी-सिगारेट आणि व्यायाम नको.

जवळपास टेस्ट नसेल तर दोन आठवडे दूध पूर्ण बंद, चहातलं आणि पेढ्यातलं सुद्धा, मग एक दिवस उपाशीपोटी कपभर दूध, काही नाही झालं तर दुसऱ्या दिवशी दोन कप. जुलाबाची साथ येऊन गेल्यावर तात्पुरतं पण असं होतं, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी परत बघा. लॅक्टोजच निघालं तरी बहुतेकांना जेवणाबरोबर कपभर दूध, म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, चालतं, दही त्याहून सोपं जातं, आणि साजूक तूप तर बिनधास्त खा.