तुळतुळीत दाढीसाठी रेझर निवडताना: आधी गळा बघा, मग दुकान

रेझर घ्यायला नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात उभे राहिलात की पहिली माहिती मिळते ती पात्यांच्या संख्येची. दोन पात्यांचा, तीन पात्यांचा, पाच पात्यांचा. दाढी घोटून व्हायची तर त्याआधीच्या तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: केस किती मऊ झाला, पातं कोणत्या कोनात लागलं आणि एका जागेवरून किती वेळा फिरलं. या तिन्ही गोष्टी तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून असतात. म्हणून खरेदीच्या आधी दोन दिवस दाढी करू नका.

दोन दिवसांत केस साधारण पाऊण मिलिमीटर वाढतात, तेवढे पुरे. आता बोटाचं टोक चेहऱ्यावर चारही दिशांनी फिरवा. बोट सहज सरकलं ती केसांची दिशा, खरखरलं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस वरून खाली जातात. गळ्याचं मात्र काही सांगता येत नाही. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना ते आडवे असू शकतात, कॉलरपाशी खालून वर असू शकतात, काहींच्या जबड्याखाली चक्क भोवरा असतो. कागदावर चेहऱ्याची साधी रेघ काढून त्यात बाण मारून ठेवा. सोबत हेही लिहा: केस सरळ की कुरळे, गळ्यावर आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या येतात का, दाढी रोज करता की तीन-चार दिवसांनी, आणि सकाळी हातात किती मिनिटं असतात. रेझरची निवड या कागदावरून करायची.

पाणी आणि फेस

नागपुरात रेझरइतकंच पाणी बघावं लागतं. नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी चालून जातं. पण बेसा-बेलतरोडीकडच्या ज्या ले-आऊटमध्ये बोअरवर भागवावं लागतं, तिथे पाणी जड असेल तर साबण फुटतच नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट मळ तयार करतात. त्याचा थर चेहऱ्यावर बसतो, फेस मात्र होत नाही. मग पातं कोरड्या कातडीवर घासतं आणि दोष ब्लेडला दिला जातो. उपाय साधा आहे: फेसापुरतं अर्धी वाटी पाणी फिल्टरचं किंवा कॅनचं घ्या. ब्लेड धुवायला बोअरचं चालेल.

तोंड कोमट पाण्याने धुवून दोन-तीन मिनिटं ओलं ठेवा. केस तेवढ्या वेळात पाणी पितो आणि ओला केस कापायला कोरड्यापेक्षा खूप कमी जोर लागतो. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे काम आपोआप झालेलं असतं. ब्रश मिनिटभर भिजवून झटका, त्यावर शेंगदाण्याएवढी क्रीम घ्या आणि चेहऱ्यावर गोल फिरवत थेंब-थेंब पाणी घाला. फेस घट्ट दह्यासारखा हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं, चुन्याच्या पुट्टीसारखा सुकायला लागला तर कमी पडलं.

मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की उजवा गाल होईपर्यंत डाव्या गालावरचा फेस वाळतो. कूलरची हवा थेट तोंडावर येत असेल तर आणखी लवकर. दाढीपुरता कूलर बंद करा किंवा अर्ध्या चेहऱ्यालाच फेस लावून तो भाग संपवा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हा आपसूक गरम असतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मात्र पाणी तापवायचा कंटाळा करू नका, गार पाण्याने केस ताठच राहतो.

दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर

आठवडाभर शिकायची तयारी असेल तर आमची पहिली पसंती याला. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिचा गाभा आजही तोच आहे: पातळ, लवचिक, दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड, वर टोपी आणि खाली आधाराची पट्टी. ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. एका वेळी एकच धार केसाला लागते, म्हणून केस कातडीच्या पातळीवर कापला जातो, आत ओढला जात नाही. ब्लेड काही रुपयांत मिळतं, त्यामुळे बोथट झालेलं वापरत राहण्याचा मोह होत नाही. याचा मोठा फायदा गळ्याला मिळतो.

घेताना तीन भागांत सुटणारा घ्या: टोपी, पट्टी, दांडा. दांडा फिरवला की वरच्या दोन पाकळ्या उघडतात तो प्रकार दिसायला छान असतो, पण जड पाण्याचा क्षार त्याच्या सांध्यात बसतो आणि पाकळ्या नीट मिटेनाशा होतात. तीन भागांचा रेझर सुटा करून जुन्या टूथब्रशने घासला की झालं. पट्टी सरळ कडेची घ्या. फणीसारख्या उघड्या दातांचा रेझर चार-पाच दिवसांच्या दाट दाढीला बरा, नवशिक्याला तो बोचतो. दांडा हातात जड लागला तर उत्तम, कारण मग दाबायची गरज राहत नाही, रेझरचं वजनच काम करतं.

ब्लेड बसवताना धार नसलेल्या दोन आखूड कडांना धरा. टोपी उलटी ठेवून तिच्या खिळ्यांवर ब्लेड, त्यावर पट्टी, मग दांडा पिळा. शेवटचे दोन आटे आवळताना डोकं नीट दाबून धरा. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंनी ब्लेड सारखंच बाहेर आलंय का ते बघा. बरेचजण हे बघत नाहीत. एका बाजूने छान दाढी होते आणि दुसऱ्या बाजूने रक्त निघतं, त्याचं कारण बहुतेक वेळा तिरकं बसलेलं ब्लेड असतं.

कोन असा सापडतो: रेझरची टोपी गालाला टेकवा, दांडा जमिनीला समांतर. आता दांडा हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा बारीक करकर आवाज सुरू झाला की थांबा. तो कोन साधारण ३० अंशांचा असतो. मनगट तसंच ठेवा, हात कोपरापासून हलवा. एका झटक्यात कानापासून हनुवटीपर्यंत जायचं नाही, दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारा आणि दोन हातांनंतर ब्लेड धुवा. दुसऱ्या हाताने कातडी वरच्या बाजूला हलकी ताणून धरा.

पहिली फेरी कागदावरच्या बाणांच्या दिशेने. पुन्हा फेस लावा, दुसरी फेरी बाणांना आडवी. तिसरी, म्हणजे उलटी फेरी, पहिले दोन आठवडे करूच नका. नंतरही फक्त गालावर आणि हनुवटीवर, तेही आदल्या दोन फेऱ्यांत जळजळ झाली नसेल तर. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर खाली ओढून घ्या. जबड्याच्या हाडावर कातडी हाडाच्या वर किंवा खाली सरकवून सपाट जागेवर हात मारा, हाडाच्या कडेवर थेट मारलात तर कापणारच.

ब्लेड कोणतं, याचं एकच उत्तर नाही. दोन-तीन प्रकारांची पाच-पाचची पाकिटं घ्या आणि रेझर व क्रीम न बदलता एकेक प्रकार आठवडाभर वापरून बघा. दोन्ही एकदम बदललं तर काय जमलं ते कळत नाही. जमलेला प्रकार मग इतवारी-गांधीबागेतल्या ठोक दुकानातून डझनाने आणा, सील शाबूत आहे ना तेवढं बघून. एक ब्लेड तीन ते सहा दाढ्या चालतं. केस ओढल्यासारखा वाटला की त्याच क्षणी बदला. पोलाद केसाच्या कितीतरी पट कठीण असूनही ब्लेड बोथट होतं, कारण केस तिरका वाकून धारेच्या कमजोर जागी कण उडवतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्यामुळे धार टॉवेलने पुसू नका, बोटाने चाचपू नका. धुवून झटका आणि कोरड्या जागी उभा ठेवा.

क्षार बसलाच तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पाच मिनिटं बुडवा आणि धुवा. मुलामा दिलेला रेझर त्यात रात्रभर ठेवलात तर मुलामा खराब होतो.

कार्ट्रिज

सकाळी सातला घर सोडायचं आणि दाढीला पाच मिनिटं, अशांसाठी कार्ट्रिज, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच काढून बदलायचं असा रेझर. डोकं हलतं, कोन कारखान्यातच ठरलेला असतो, शिकायला काही नाही. पण दाबायची सवय मात्र सोडावी लागते. एकापुढे एक पाती असली की पहिलं पातं केसाला किंचित वर ओढतं आणि तो परत आत जाण्याआधी पुढचं पातं कापतं. म्हणून कापलेलं टोक कातडीखाली जातं. सरळ केसाच्या माणसाला हीच तुळतुळीत दाढी वाटते. कुरळ्या केसाच्या माणसाच्या गळ्यावर मात्र तेच टोक वाढताना वळून आतच शिरतं आणि तिथे पुटकुळी येते. कागदावर 'पुटकुळ्या: होय' लिहिलं असेल तर तीन-पाच पात्यांच्या वाटेला जाऊ नका. दुधारी ब्लेड घ्या, नाहीतर एका पात्याचं स्वस्त कार्ट्रिज. जिलेट गार्ड २०१० साली भारतात आला तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. त्याला एकच पातं आहे आणि अशा गळ्याला ते मानवतं.

सरळ केस, रोजची दाढी, तर दोन किंवा तीन पाती पुरतात. पाच पात्यांमधली फट बारीक असते, तीन दिवसांचे खुंट त्यात अडकतात आणि नळाखाली धरूनही निघत नाहीत.

वस्तरा

घडीचा खरा वस्तरा प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस वेळा परजावा लागतो आणि अधूनमधून दगडावर धार लावावी लागते. ती आवड असेल तरच घ्या. सलूनमधला वस्तरा वेगळा: त्यात दुधारी ब्लेड मधून मोडून अर्धं बसवलेलं असतं. घरी नवशिक्याने तो वापरू नये, त्याला आधाराची पट्टीच नसते.

सलूनमध्ये ब्लेड पाकिटातून तुमच्यासमोर काढून मोडलं गेलं पाहिजे. 'भाऊ, नवीन पान लावा' म्हणायला संकोच नको, कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्ही वापरलेल्या ब्लेडवरच्या रक्तातून पसरू शकतात. वस्तऱ्याची पकड पुसली का, तेही बघा. आणि गळ्यावर पुटकुळ्या येत असतील तर बसतानाच सांगा: 'गळ्यावर उलटा हात नको.'

इलेक्ट्रिक शेव्हर

ब्लेडइतकी घोटून दाढी याने होत नाही, कारण आतलं पातं आणि कातडी यांच्यात वरच्या जाळीच्या जाडीएवढं अंतर राहतंच. कातडी फार नाजूक असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा हात थरथरत असेल, तर मात्र हाच घ्यावा. रोज दाढी करणाऱ्याला सरळ जाळीचा बरा, तो सरळ रेषेत फिरवायचा. गळ्यावर केस सगळ्या दिशांनी असतील तर गोल चकत्यांचा. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात चेहरा चिकट असतो आणि जाळी अडखळते. आधी थोडी टाल्कम पावडर लावली की सरकते. कातडीला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. ट्रिमर हा शेव्हर नाही, तो खुंट ठेवतोच.

दाढीनंतर

गार पाण्याने धुवा आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा हलका फिरवा. अर्ध्या मिनिटाने धुवून टाका. बारीक रक्त थांबतं, शिवाय जिथे तुरटी झोंबते तिथे तुम्ही जास्त दाबलं किंवा जास्त वेळा फिरवलं हे कळतं. पुढच्या वेळी त्या जागेवर एक फेरी कमी करा. उन्हाळ्यात स्पिरिटचं आफ्टरशेव्ह कातडी आणखी कोरडी करतं, त्याऐवजी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

गळ्याची आग होत असेल आणि रेझर बदलूनही थांबत नसेल तर हेल्मेटचा पट्टा आणि उन्हासाठी बांधलेला दुपट्टा बघा. ताज्या दाढीवर घामेजलेलं कापड तासभर घासलं की पुरळ येतंच. दुपारच्या उन्हात गाडीवर निघायचं असेल तर दाढी आदल्या रात्री करा आणि दुपट्टा रोज धुतलेला वापरा.

वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीवर पिशवी उचलणाऱ्याचा हात कापतो. रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला नाण्याएवढी फट पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि ब्लेडं त्यात टाकत जा. डबा भरला की फटही चिकटवा, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता गाडीवाल्याच्या हातात वेगळा द्या.